सहाच्या तीन पाळ्या

रंगुबाई आणि तिचा थोरला दीर गोरक्षनाथ यांची विहीर एक होती, पण बोलणं नव्हतं. नवरा वारल्यावर तिनं आपलं रान दिराला वाट्यानं कसायला द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. तिनं ते ऐकलं नाही आणि स्वतः बैल धरले. तेव्हापासून ती विहिरीवर आली की तो थुंकून बाजूला व्हायचा.

पारनेरच्या त्या माळावर विहिरीशिवाय गहू येत नाही. दोघांत मोट एकच. अर्धा दिवस मोट हाकली की एक पाळी झाली. आठ दिवसांत सोळा पाळ्या. गोरक्षनाथाची जमीन जास्त, म्हणून त्याच्या दहा आणि रंगुबाईच्या सहा. सोळा हा आकडा मात्र गावात कुणी बोलत नसे. ‘रंगूच्या सहा, गोरखच्या दहा,’ एवढंच म्हणायचे. सोळा सगळ्यांना ठाऊकच होते.

त्रेचाळीस सालचा पौष होता. लढाईमुळे बाजारात धान्य मिळत नव्हतं आणि रंगुबाईच्या गव्हाला नुकती ओंबी धरत होती. त्याच दिवसांत शाळेत विष्णुपंत गुरुजींनी अपूर्णांक लहान करायला शिकवले. त्यांनी पाटीवर त्याच विहिरीच्या पाळ्यांचे चिंचोके मांडले. वर सहा, खाली सोळा. मग जोड्या लावायच्या. वर तीन जोड्या होतात, खाली आठ. सोळात सहा म्हणजेच आठात तीन.

“वाटा तेवढाच राहतो, आकडा लहान होतो,” गुरुजी म्हणाले.

रंगुबाईची लेक झुंबर त्या दिवशी उड्या मारत घरी निघाली होती. पारावर गोरक्षनाथ बसला होता, शेजारी कादरभाई आणि राधाकृष्ण पाटील.

“काय शिकवलं गं तुझ्या गुरुजीनं?” गोरक्षनाथानं विचारलं.

“आमच्या पाळ्या लहान करायला.”

“सहाच्या किती झाल्या?”

“तीन,” झुंबर ऐटीत म्हणाली.

“पुन्हा सांग, पाटलांना ऐकू येऊ दे.”

“तीन.”

“ऐकलंत पाटील? घरच्या लेकरानं सांगितलं,” गोरक्षनाथ म्हणाला आणि उठून गेला.

पुढच्या खेपेला रंगुबाईच्या तीन पाळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपले बैल घेऊन धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतारावर, उभा राहिला.

“सोड बैल.”

“माझ्या अजून तीन हायती.”

“तीनच हायती. झाल्या. तुझ्या पोरीनं चार लोकांत सांगितलंय. शाळंत घालून मामलेदार करनार हायेस ना तिला? मग मामलेदाराचा हुकूम मान.”

त्यानं स्वतःच तिच्या बैलांचं जू सोडलं. अर्ध्या वाफ्यांना पाणी लागलं होतं, अर्धे कोरडे राहिले.

घरी येऊन रंगुबाईनं पाटी झुंबरच्या हातातून ओढली आणि कणगीमागे टाकली.

“आजपासून शाळा बंद. बापाचं पानी चुलत्याला दान केलंस.”

“आये, मी खोटं न्हाई बोलले.”

“खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर शाळेत दिसली नाही म्हणून विष्णुपंत गुरुजी स्वतः आले. रंगुबाईनं त्यांना बसा म्हटलं नाही.

“तुमच्या शिकवन्यानं माझा गहू जळायला लागलाय, गुरुजी.”

“मी पारावर येऊन सगळ्यांना समजावून सांगतो.”

“नगा येऊ. तुमी आलात तर म्हनतील, पोरीला पढवलं. आधीच लई उपकार झालेत.”

गुरुजींनी ते ऐकून घेतलं. खिशातून मूठभर चिंचोके काढून उंबऱ्यावर ठेवले आणि दाराआड उभ्या असलेल्या झुंबरला विचारलं, “वरच्यांच्या जोड्या लावल्यास ना?”

“लावल्या.”

“आणि खालच्यांच्या?”

झुंबर दाराआडून पुढं येऊन चिंचोके बघू लागली. गुरुजींनी पुढं सांगितलं नाही. मुलाच्या तोंडातला घास काढून आपण चावू नये, असं त्यांचं मत होतं. ते निघून गेले. झुंबर उंबऱ्याशी बसली, तिनं सोळा चिंचोके मोजून घेतले आणि थोड्या वेळानं ओट्यावरून ओरडली, “आये, माझ्यासंगं विहिरीवर चल. कादरचाचांना आन पाटलांनाबी बोलवू.”

गोरक्षनाथ मोट हाकत होता. माणसं आलेली पाहून त्यानं बैल थांबवले.

“काय, रडायला आलात?”

“न्हाई तात्या,” झुंबर म्हणाली. “आमच्या तीनच.”

रंगुबाईनं तिचा दंड घट्ट धरला. गोरक्षनाथ हसला.

“शहानी हाय पोरगी. आईपेक्षा शहानी.”

झुंबरनं मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर चिंचोके मांडले. एकीकडे सहा, दुसरीकडे दहा. सहांच्या तीन जोड्या लावल्या. मग दहांच्या लावल्या.

“ह्या तुमच्या. पाच.”

“माझ्या दहा हायती.”

“जोड्या लावल्यावर पाच होत्यात. आमच्या तेवढ्या कापायच्या आन तुमच्या तशाच ठेवायच्या, असं गुरुजींनी न्हाई शिकवलं. खालच्या सोळाच्याबी आठ होत्यात. आमच्या तीन, मग तुमच्या पाच, मग पुन्हा आमच्या तीन.”

राधाकृष्ण पाटील खाली वाकून चिंचोके बघत राहिले.

“गोरख, एकतर सहा आन दहा, न्हाईतर तीन आन पाच,” ते म्हणाले. “एकाचं जुनं आन एकाचं नवं, असं चालायचं न्हाई. बोल, कोनतं पायजे?”

सहा म्हणायचं तर पारावर बोललेला शब्द मागं घ्यावा लागणार होता, तोही त्या बाईसमोर. गोरक्षनाथाच्या कपाळाची शीर ताठ झाली.

“तीन म्हनालो, तीनच. मी शब्द बदलत न्हाई.”

“मग तुझ्या पाच. कालची दुपार धरून.”

“धरा.”

कादरभाई हसत म्हणाले, “गोरखभाऊ, येवढं भांडलात आन पानी जेवढ्याला तेवढंच. फकस्त बाईला आठाऐवजी चार दिवसांनी मिळनार.”

“तू गप, कादर,” गोरक्षनाथ म्हणाला आणि बैलांवर आसूड ओढला.

त्याच्या पाच पाळ्या संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच रंगुबाई बैल घेऊन गेली. मोटेचा नाडा त्यानं मुद्दाम चिखलात टाकून ठेवला होता आणि तो स्वतः बांधावर बसून बघत होता. ती त्याच्याकडे न बघता वाकली, नाडा धुतला आणि जू जोडलं. पहिली मोट थारोळ्यात रिकामी झाली. झुंबर पाटावर फावडं घेऊन उभी होती.

“आये, शाळा?”

“आदी त्या कोरड्या वाफ्यांत पानी फिरव.”

पाणी वाफ्यात शिरलं. रंगुबाईनं बैल मागं घेतले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाली,

“पाटी कनगीमागं हाय. उद्या जा. पन चार लोकांत बोलायचं तर वरचं आन खालचं दोनी बोल.”