शंभरच्या गतीचा धडा

“काका, चिडणार नसाल तर एक सांगते,” माधुरी म्हणाली. “मी आवाज बदललाय.”

धम्मपाल वानखडे तेव्हा घाटकोपरच्या विहारातल्या अभ्यासिकेत एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून बसले होते. मरोळच्या कारखान्यात ते मशिनं दुरुस्त करत. तिथल्या ऑफिसांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर पदरमोड करून इथे आणायचे, त्यांत लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर भरायचं आणि मुलांना शिकायला बसवायचं, हे त्यांचं रविवारचं वेड. लोक त्यांना ‘लिनक्सवाले’ म्हणून चिडवत. लग्नाच्या पंगतीत वरण वाढून व्हायच्या आत त्यांचा विषय निघालेला असे.

“फुकट म्हणून नाही रे, मोकळं म्हणून! उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. मला विचारायचं नाही. आपल्या मसाल्यासारखं आहे. कृती दिली की दिली. शेजारणीने मिरची वाढवली म्हणून आपण रुसायचं नाही.”

त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम एकच, स्टेनोच्या परीक्षेच्या सरावाचा. कॉम्प्युटर उतारा वाचायचा, मुलं तो लघुलिपीत उतरवून मग टाइप करायची. वाचणारा आवाज त्यांच्या बायकोचा, यशोधराचा. ती सरकारी कचेरीत स्टेनो होती. मिनिटाला ऐंशी शब्द, मोजून मापून. प्रत्येक धड्याच्या शेवटी तिने पदरचं एक वाक्य घातलं होतं, “झालं. आता उठा, पाणी प्या.”

यशोधरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी एकट्याने तो आवाज लावायचा धीर त्यांना होत नसे. इथे पोरांच्या गराड्यात ऐकता यायचा. खरं सांगायचं तर त्यासाठीही ते यायचे.

“परीक्षा शंभरची आहे ना,” स्टेनोच्या परीक्षेला बसणारी माधुरी म्हणाली. “काकूंचा आवाज ऐंशीचा. पळवला तर चिरका होतो, शब्दच कळत नाहीत. मी दोनदा लटकले, काका. म्हणून सगळे धडे माझ्या आवाजात भरलेत. तुम्ही म्हणता विचारायचं नाही, तरी विचारते.”

विहाराच्या किल्ल्या सांभाळणारे भीमराज, धम्मपालांचे जुने दोस्त, उसळलेच. “अक्कल आहे का गं तुला? वहिनींचा आवाज पुसतेस? धम्मा, नाही म्हणून सांग तिला!”

“पुसत नाही, बाजूला ठेवलाय. पण दोन्ही समोर दिले ना, तर सगळी सोपं तेच लावतात. मीपण तेच केलं, आणि माझी वाट लागली.”

नाही म्हणायचा मोह धम्मपालांना झाला, चांगलाच झाला. एक शब्द पुरला असता. पोरगी गुणी, मुकाट्याने सगळं जागच्या जागी ठेवलं असतं तिने. पण मग आजवर पंगतीपंगतीतून जे सांगितलं त्याचं काय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

“ऐकव,” ते म्हणाले.

डोळे मिटून त्यांनी अख्खा धडा ऐकला. “स्वल्पविरामाला जरा थांब. यशोधरा थांबायची. तेवढं परत भर आणि सगळ्या मशिनवर चढव.”

“अरे धम्मा...”

“मग काय करू यार? मसाला वाटून झाल्यावर म्हणू, चव माझीच ठेवा?” तत्त्वं सांगणारे पैशाला पासरी मिळतात. आपल्या काळजाच्या तुकड्यावर ती लागू करणारा माणूस भीमराजांनी त्या दिवशी पाहिला, आणि ते किल्ल्यांचा जुडगा उगाच चाळवत राहिले.

पुढच्या रविवारी अभ्यासिका भरली. माधुरीचा आवाज भरभर धावू लागला, मागोमाग पेन्सिली. धम्मपाल दाराशी उभे होते.

“धडा समाप्त,” कॉम्प्युटर म्हणाला.

त्यांचे कान अजून वाट बघत होते. पुढे काही आलं नाही.

मग बाकं सरकली. पोरं उठली आणि नेहमीसारखी कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. यशोधराचा आवाज कधी न ऐकलेल्या दोन नव्या मुलीही त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

माठातलं पाणी तळाला गेलं, तेव्हा धम्मपालांनी कळशी उचलली आणि ते नळावर गेले.