कातळावरचं वाळवंट

मी अस्मिताची सायकल बोलतेय. जाड टायरची, गियरची, आणि एके काळी निळीशार. महाडच्या एका घराच्या पडवीत मी उभी आहे. पुढच्या टायरला भेगा पडल्यात, चेनवर गंजाची बारीक पूड आहे. तरीही माझ्या अंगावर धूळ मात्र नाही. ती कोण पुसतं, ते ओघात सांगेनच.

माझा जन्म लुधियानाचा, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. मला पहिलं आठवतं ते एसटीचं टप. १९९८ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. अस्मिताचे बाबा, यज्ञेश्वर सर, इथल्या हायस्कुलात मुख्याध्यापक होते. ते स्वतः पुण्याला जाऊन मला घेऊन आले. गाडी भोरवरून वरंध घाटात शिरली, तसे सर दर वळणाला खिडकीतून मान बाहेर काढून विचारत, "अहो कंडक्टर, सायकल आहे ना वर?"

शेवटी कंडक्टर वैतागला. "सर, उडून जायला तिला पंख हायत काय?"

टपावरून मी पहिल्यांदा ते डोंगर पाहिले. पुढे माझं सगळं चांगलं आयुष्य तिथंच जायचं होतं.

अस्मिता तेव्हा तेवीस वर्षांची. एका लॅबोरेटरीत रक्त तपासायचं काम करायची. आमोद आणि निषाद हे तिचे कॉलेजपासूनचे मित्र. आमोदच्या घरचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि निषाद एमआयडीसीतल्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिघांना एकच खूळ होतं. सडक सोडायची आणि जिथं फक्त गुरं जातात त्या वाटेनं सायकल घालायची. त्या दोघांकडे माझ्यासारख्या सायकली आधीच होत्या. मी आले आणि तिघांचं त्रिकूट पुरं झालं.

निषादच्या शर्टाच्या खिशात एका जुन्या परदेशी मासिकाचं पान असायचं. घड्या पडून पडून ते चिंध्या व्हायला आलेलं. त्यावर वाळवंटाचं चित्र होतं. लाल खडक, खडकावरून गेलेली दोरीएवढी वाट आणि तिच्यावर तीन सायकली.

"हे आपण तिघं," तो म्हणायचा.

"आणि पाणी कोण उचलणार?" अस्मिता विचारायची.

"आमोद."

वाळवंट लांब होतं, म्हणून त्यांनी जवळचं एक शोधून काढलं. वरंधच्या वर डोंगराच्या माथ्यावर मोठा कातळ आहे. पावसाळ्यात तिथं गवत आणि फुलं असतात. मे महिन्यात मात्र काळा, बोडका खडक, सावलीला एक झुडूप नाही. दुपारी हवा अशी थरथरते की समोरचा डोंगर पाण्यात पडल्यासारखा हलतो. निषादनं त्याला 'आपलं वाळवंट' असं नाव दिलं.

त्या कातळावरून शिवथरच्या बाजूला एक जुनी वाट उतरते. पूर्वी तिच्यावरून लदलेले बैल जायचे. गुडघ्याएवढ्या दगडी पायऱ्या, मध्येच घसारा, म्हणजे चाकाखाली सुटणारी खडी, आणि अशी तीन वळणं की एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला काहीच नाही. निषाद ती वाट बसून उतरायचा. आमोद निम्मी उतरायचा. अस्मिता पहिल्या पायरीशी थांबायची, मला खांद्यावर घ्यायची आणि पायी जायची. मला राग यायचा नाही. तिच्या खांद्यातून तिची धडधड मला कळायची.

१९९९ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तसेच निघालो. बिरवाडी सोडेपर्यंत गार होतं. वरंधच्या टपरीवर भजी खाल्ली, चढाला लागलो आणि ऊन डोक्यावर यायच्या सुमारास कातळावर पोचलो. निषाद सगळ्यांत पुढे, शीळ घालत. मधोमध थांबून आमोदनं पाण्याचा कॅन सोडायला हात घातला, तर कॅन रिकामा. दगडांवर आपटून आपटून बुडाला चीर गेली होती. आम्ही आलो त्या वाटेवर कुठं ओल दिसते का म्हणून तिघांनी मागं पाहिलं. खडकानं ती केव्हाच पिऊन टाकली होती.

"चला, उतारावर वाडी आहे. अर्ध्या तासात पोचू," निषाद म्हणाला. पण थोड्या वेळानं त्याची सायकल वाकडीतिकडी जाऊ लागली. मग तो उतरला आणि खाली बसला. त्याचं अंग तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता.

"बस चुकेल," तो आमोदला म्हणाला. "कॉलेजची बस चुकेल रे."

आमोद हसला नाही. त्यानं स्वतःचा शर्ट काढून निषादच्या डोक्यावर धरला. अस्मितानं निषादची नाडी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"अस्मे, माझं पुढचं टायर फाटलंय. आणि वेळ पडली तर याला उचलायला मीच लागेन," आमोद म्हणाला. "तू जा. वाडीतून पाणी आण, माणसं आण."

"चालत तास लागेल."

"चालत नको जाऊस."

तिनं एकदा निषादकडे पाहिलं आणि मला वळवलं.

पहिल्या पायरीशी ती थांबली नाही. एवढं मी शपथेवर सांगेन. तिनं अंग मागं टाकलं, दोन बोटं ब्रेकवर ठेवली आणि मला सोडलं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. माझा सांगाडा कडाकडा वाजत होता. घसाऱ्यावर मागचं चाक सरकलं, तिनं ते सरकू दिलं. आजवर ती मला धरून ठेवायची, त्या दिवशी तिनं माझ्यावर विश्वास टाकला. दोन वळणं निघाली. तिसऱ्याला मागचं चाक दगडावर असं आदळलं की चार तारा तटातट तुटल्या. चाक डुगडुगत फ्रेमला घासू लागलं. तशीच मला रेटत ती वाडीच्या कुंपणाशी आली आणि तिथं तिनं मला अक्षरशः फेकलं.

वाडी म्हणजे पाच-सहा घरं. चंद्राबाई नावाची एक बाई नुकतीच झऱ्यावरून आली होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मेमध्ये त्या झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरावं लागतं. तिची सकाळ त्यातच गेली होती.

"काय झाला गो पोरी? कोन पडला काय?"

अस्मितानं धापा टाकत सांगितलं. चंद्राबाईनं डोक्यावरचा हंडा खाली घेतलाच नाही. तशीच वळून तिनं नवऱ्याला हाक मारली, "अवो, भायेर या! कातळावर मानूस पडलाय." भिकू बाहेर आला. तिनं हंडा त्याच्या खांद्यावर दिला.

"मावशी, एवढं सगळं नको. तुम्हाला काय राहील?" अस्मिता म्हणाली.

"झरा काय पलून जातोय? सांच्याला पुन्ना जाईन. तू चाल बघू."

भिकू अनवाणी त्या पायऱ्या चढत गेला, मागोमाग अस्मिता. पुढचं मी पाहिलं नाही. मी कुंपणाला टेकून उभी होते आणि चंद्राबाई उन्हात हात कपाळाला लावून वर बघत होती. आम्ही दोघी वाट पाहत होतो. एवढी लांब दुपार पुन्हा येणार नाही. म्हणजे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

ऊन कलल्यावर ते चौघं आले. भिकूच्या आणि आमोदच्या खांद्यावर हात टाकून निषाद चालत होता. अंगावरचे कपडे ओलेचिंब, ओठांवर हसू. त्यांनी त्याला माझ्या शेजारी बसवलं. चंद्राबाईनं कळशीतलं पाणी त्याला घोटाघोटानं पाजलं. मग त्याचं लक्ष माझ्या तुटक्या तारांकडे गेलं.

"तू बसून उतरलीस?"

"हो," अस्मिता म्हणाली.

"तिन्ही वळणं?"

"हो रे."

"आणि मी बघितलंच नाही," तो म्हणाला. बराच वेळ तो तिच्याकडे बघत होता.

"परत कधीतरी बघ," ती म्हणाली आणि उठून चंद्राबाईबरोबर झऱ्यावर गेली. येताना कळशी तिच्या कमरेवर होती.

ते 'परत कधीतरी' काही आलं नाही. दत्तारामच्या सायकलच्या दुकानात माझ्या तारा बदलल्या, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, निघाला. पाऊस सुरू झाला. वर्ष सरायच्या आत निषादला मस्कतला नोकरी लागली. जाण्याच्या आदल्या दिवशी तो पडवीत आला, चहा प्यायला, सरांच्या पाया पडला. अस्मिताशी तो फक्त विमानाच्या वेळेबद्दल बोलला. तिनंही तेवढंच विचारलं. माणसं असं का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याची पत्रं यायची. अस्मिता ती माझ्या सीटला टेकून वाचायची, कधी आईला ऐकू जाईल अशा आवाजात. 'इथं खरे लाल डोंगर आहेत. वाटा आपल्या वाटेसारख्याच दगडी, फक्त संपत नाहीत. डिसेंबरात दोघं या. सगळी सोय करतो.' २००१ साली तिनं पासपोर्ट काढला. आमोदनंही काढला. ती रोज संध्याकाळी माझ्यावरून बिरवाडीपर्यंत जाऊन यायची, दम वाढवायला.

नोव्हेंबरात सर शाळेच्या व्हरांड्यात कोसळले. उजवी बाजू लुळी पडली. आमोद एकटाच मस्कतला गेला.

तो परत आला तेव्हा पडवीत बसून त्यानं फोटो दाखवले. अस्मितानं ते भरभर पाहिले. "छान आहेत," म्हणाली.

"त्यानं तुझ्यासाठी सायकल आणून ठेवली होती," आमोद हळूच म्हणाला. "तू येणार नाहीस हे कळल्यावरही परत केली नाही."

"मग कोणी चालवली?"

"कोणीच नाही. दहा दिवस भिंतीला टेकून उभी होती."

अस्मितानं फोटो परत पाकिटात घातले. ती सायकल मी कधी पाहिलेली नाही. खरं तर मला तिचा मत्सर वाटायला हवा होता. पण भिंतीला टेकून उभं राहणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

सरांच्या हातात जोर यावा म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. सर तो फेकून द्यायचे. एक दिवस अस्मितानं मला त्यांच्या खुर्चीशी आणून उभं केलं. "बाबा, हा ब्रेक दाबा. रोज दहा वेळा." आणि सरांनी दाबला! पहिल्या दिवशी केसभर, महिन्यानं निम्मा. मला टपावरून आणणारा हात तो. मी जमेल तेवढी सैल राहायची.

एकदा सर अडखळत म्हणाले, "तू... जा."

"कुठं बाबा?"

"वाळ... वंट."

"आधी दहा पुरे करा," ती म्हणाली आणि आत निघून गेली. सर बराच वेळ ब्रेक दाबून बसले होते.

पाच वर्षं गेली. माझ्यावरून कोणी डोंगरात गेलं नाही. पत्रं थांबली, फोन येऊ लागले, मग फक्त सणासुदीलाच येऊ लागले. आमोदचं लग्न झालं, तो पुण्याला गेला. निषादनं लग्न केलं नव्हतं. अस्मितानंही नाही. २००६ च्या हिवाळ्यात सर गेले. त्यानंतर कित्येक महिने कोणी माझा ब्रेक दाबला नाही. मग एके सकाळी अस्मिताची आई, सरोजबाई, फडकं घेऊन आल्या आणि माझं हँडल पुसू लागल्या. तेव्हापासून रोज पुसतात.

अशी सहा वर्षं सरली आणि गेल्या डिसेंबरात त्यांनीच विषय काढला. "तो पासपोर्ट संपला का गं तुझा?"

"असेल. का?"

"नवा काढ. आमोद बायकोला घेऊन जानेवारीत मस्कतला जातोय ना? तूही जा. माझी काळजी करू नकोस. इथं मी आहे, ही सायकल आहे."

अस्मिता गेली. निघताना तिनं माझ्या सीटवर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. मला बरोबर नेता येणार नव्हतं, ते मलाही कळत होतं. पंधरा दिवसांसाठी गेलीय. पंधराच राहील की नाही, ते मी सांगू शकत नाही. तिनं यावं असं वाटतं, आणि येऊ नये असंही वाटतं. पडवीतून रस्ता दिसतो. कुणाची सायकल गेली की मी कान देते.

आज सकाळी तिचा फोन आला. सरोजबाई दाराशी वायर ताणून, रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभ्या होत्या.

"ऊन फार नाही ना? आणि पाणी? प्रत्येकाचं वेगळं घेतलंत ना? बरं. आणि ती सायकल कशी आहे गं, त्यानं ठेवलेली?"

मी ऐकत होते.

"उंच आहे?" सरोजबाई हसल्या. "पाय टेकत नाहीत? अगं, मग निषादला सांग की!"

मला हात असता, तर मी तो रिसीव्हर हिसकावून घेतला असता. अस्मिता, सीट दोन बोटं खाली घे. नट गच्च आवळ. आणि उतारावर तिला धरून ठेवू नकोस, सोड. ती तुला पडू देणार नाही.