मेंढ्याच्या रंगातली कटर मशीन

मी कटर मशीन बोलतेय. हो, झाडं कापायची. कर्कशच बोलणार, गोड बोलायला मी काही पोपट नाही.

जन्म परदेशातला, पन्नास वर्षांपूर्वीचा. एका साखर कारखान्यानं मला आणलं आणि जुनी झाल्यावर लिलावात काढलं. मंद्रूपकडच्या बिरप्पानं दोन मेंढ्या विकून मला घेतलं. त्याची बायको अंबुबाई मला सवत म्हणायची. "तिला येळेवर त्याल, अन् मला?" असं विचारायची. तरी खंडेनवमीला माझ्या मुठीला भंडारा तीच लावायची.

तीस वर्षं आम्ही बाभळी पाडल्या. माझ्या थरथरण्यानं बिरप्पाची बोटं हळूहळू मेली. आधी मुंग्या आल्या, मग बोटं थंडीत पांढरी पडायला लागली, शेवटी सदऱ्याची गुंडीही लावता येईना. ती अंबुबाई लावायची. हे पाप माझं आहे आणि मी ते नाकारत नाही.

मग सोलापूरच्या हृषीकेशसाहेबांना माझी खबर लागली. चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा कारखाना, आणि जुनी यंत्रं जमवायचा नाद. हल्ली अशा शौकिनांत माझ्यासारख्यांचे भाव भडकलेत म्हणे. ज्यांनी जन्मात काटकी मोडली नाही, ते आमच्यासाठी बोली लावतात. फोटो पाहून साहेबांनी चाळीस हजार कबूल केले. बिरप्पाच्यानं आता झाडं पाडणं होत नव्हतं. त्या पैशांत अंबुबाईनं पिठाची गिरणी घालायची ठरवली.

इथेच बिरप्पा चुकला. मेंढा बाजारात न्यायचा तर धुऊन, शिंगं रंगवून न्यायचा, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यानं शिंगांच्याच लाल रंगाचा डबा काढला आणि त्या मेल्या बोटांनी मला नखशिखान्त रंगवलं.

"लई देखनी दिसतीया की," अंबुबाई म्हणाली.

साहेबांनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मामा, काय केलंत हे? मूळ रंगालाच तर किंमत होती. आता हे भंगार." मी भंगाराच्या भावानं, वजनावर गेले. बिरप्पानं वर साहेबांची माफी मागितली.

घरी नेऊन साहेबांनी आठ दिवस मला थिनरनं पुसलं. लाल निघालं. खालचा नारिंगी भट्टीत पक्का केलेला, तो होता तसाच राहिला. असं होणार हे त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. मुठीवरचा भंडाराही त्याच चिंधीत गेला.

बंगळुरूचं एक गिऱ्हाईक ऐंशी हजार द्यायला तयार झालं, पण मी चालू असल्याचा व्हिडिओ त्यानं मागितला. साहेबांच्यानं मी सुरू होईना. मीही हट्टाला पेटले होते. मग गाडी पाठवून त्यांनी बिरप्पाला आणलं.

त्यानं माझ्या अंगावरून हात फिरवला. त्या बोटांना काही कळलं असेल असं वाटत नाही.

"रंग निघाला की, सायेब."

"फार मेहनत पडली, मामा. तेवढी सुरू करून द्या."

"मग तुमी भंगार कसं म्हनला?"

साहेब मोबाइल सरळ धरण्यात गुंतले होते.

तरी बिरप्पा वाकला. सांगितलेल्या कामाला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. त्यानं माझ्या मुठीत पाय रोवला. मला सुरू करायची दोरी बोटांत ठरेना म्हणून मनगटाला अडकवली आणि नेहमीसारखं पुटपुटला, "ऊठ गं बये." तीस वर्षं त्या शब्दावर मी उठत आले. हट्ट विसरून उठले. माझ्याइतकी मूर्ख मीच.

ओढताना त्याच्या सदऱ्याची गुंडी सुटली. बराच वेळ तो ती लावायला चाचपडत राहिला. साहेब व्हिडिओ पाठवत होते. परत जायला गाडी नव्हती.

उद्या मी बंगळुरूच्या काचेच्या कपाटात जाईन. पाहुण्यांनी विचारलं, हिचं एवढं काय, तर मूळ रंगाचं कौतुक सांगू नका. उघड्या सदऱ्यानं एक म्हातारा एसटी स्टँडकडे चालत गेला, तेवढं सांगा.