पैऱ्याचा रविवार

तुळशीचं लग्न लागलं आणि कंग्राळीत थंडी उतरली ती वऱ्हाडातल्या चिवट पाहुण्यासारखी, जायचं नाव काढेना. सकाळी आठ-आठपर्यंत धुकं हलत नसे. मोटरसायकलच्या सीटवर दव साचायचं, आणि कामावर निघालेली माणसं ते बाहीनं पुसत थंडीला शिव्या घालायची.

नागेंद्र मात्र शिव्या घालत नसे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो भट्टीवर कामाला होता. आठवड्याचे सहा दिवस लोखंडाच्या रसासमोर उभं राहून ज्याच्या भुवया करपतात, त्याला गारठा म्हणजे पक्वान्न. पण ते पानात पडायचं आणि खायला सवड नसायची. दसऱ्यापासून रविवारचाही ओव्हरटाइम लागलेला. कित्येक आठवड्यांनी एक रविवार मोकळा आला, आणि नेमका त्याच दिवशी रुक्माबाईचा पैरा होता.

पैरा म्हणजे काही कागदावरचा करार नव्हे. आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या शेतात राबतो, एवढंच. पण सरकारी नोटीस चुकवणारा माणूससुद्धा गावात पैरा चुकवत नाही. मागच्या आठवड्यात नागेंद्रचं भात कापायला शेजारची रुक्माबाई आली होती. वय बासष्ट, पण विळा हातात घेतला की तरण्याताठ्यांनी बाजूला व्हावं. त्या दिवशी तिनं भर उन्हात नवऱ्याचा, म्हणजे वारलेल्या मष्णूचा, तपकिरी स्वेटर घातला होता. कामावर निघता निघता नागेंद्रनं थट्टा केली, "आक्का, मष्णूअण्णाला बी आणलीस व्हय भात कापाय?" ती हसली. "गारठा हाय रं," म्हणाली, आणि दिवस मावळेपर्यंत तिनं वाकलेली कंबर सरळ केली नाही.

आता तिचं भात कापून, पेंढ्या बांधून शेतात पडलं होतं. मळणीचं मशीन यायला अजून आठ दिवस होते. तोवर दवात भिजून भात काळं पडू नये म्हणून पेंढ्यांची गंजी रचायला हवी होती, आणि गंजी रचणं हे सोम्यागोम्याचं काम नाही. लोंब्या आत, बुडखे बाहेर, वर नीट उतार. जरा चुकलं की ओल आत मुरते. ही कला नागेंद्र वडिलांकडून शिकला होता. म्हणून रुक्माबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "पेंढ्या वाहून आणाय बायका हायत. गंजीवर मातर तूच पायजेस."

रविवारी सकाळी सहाला दारातून हाक आली. "नागू, उठलायस न्हवं?"

नागेंद्र वाकळीत होता. ओवीचे, त्याच्या सात वर्षांच्या लेकीचे, पाय त्याच्या पोटावर. स्वयंपाकघरात दिपालीनं चूल पेटवली होती आणि धुराचा गोड वास वाकळीपर्यंत येत होता. वाकळीबाहेर एक पाय काढून त्यानं हवा चाखली आणि पाय परत आत घेतला. उठायचं तर होतंच. पण वाकळीच्या उबेत माणसाचं इमान लवकर विरघळतं.

"ओवी," तो कुजबुजला, "जा, आक्काला सांग, पप्पांना ताप आलाय."

ओवीनं डोळे चोळत त्याच्या कपाळावर हात ठेवला. "कुठं आलाय? गारच हाय की."

"आत हाय ताप. सांग जा."

ती गेली. नागेंद्र श्वास रोखून ऐकत राहिला. "आक्का, पप्पांना ताप आलाय," पोरगी म्हणाली, आणि थोडं थांबून, "आत हाय." मग रुक्माबाई म्हणाली, "व्हय? मग झोपू दे बाई त्याला. गारठ्यात सोडू नगो." वहाणांचा आवाज लांब गेला.

दिपाली चहा घेऊन आली. नवऱ्याचं तोंड बघूनच तिला सगळं उमगलं. "लाज न्हाय वाटत? म्हातारी बाई ती."

"एकच रविवार गं. फुडल्या सुट्टीला दोन दिसाचं काम एका दिसात करतो."

दिपालीलाही कित्येक आठवड्यांत नवरा उजेडात निवांत घरी दिसला नव्हता. ती परत आत गेली आणि स्वतःचाही कप भरून वाकळीशेजारी येऊन बसली. या पापातला तिचा वाटा एवढाच, एक कप चहाचा.

आणि मग तो दिवस असा गेला की काय सांगावं. नऊला धुकं फाटलं आणि परसात कोवळं ऊन आलं. नागेंद्रनं आधी कोपऱ्यावर जाऊन खात्री करून घेतली. त्याच्या परसाच्या आणि रुक्माबाईच्या शेताच्या मधे दुसऱ्याचा ऊस उभा होता, दोन पुरुष उंच. तिकडून इकडचं काही दिसायची सोय नव्हती. मग त्यानं खाट उन्हात ओढली. बंबातल्या कढत पाण्यानं अंघोळ केली, दुपारी ओवीच्या केसांना तेल लावून वेण्या घातल्या, त्या दोन्ही वेगवेगळ्या उंचीच्या झाल्या म्हणून दिपाली हसली. दुपारनंतर परसातच पालापाचोळ्याची शेकोटी केली आणि रताळी भाजली. बोटं पोळत, फुंकर मारत तिघांनी ती खाल्ली. ओवीनं मधेच दोनदा विचारलं, "पप्पा, ताप गेला काय?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "आत हाय अजून," आणि दुसऱ्या वेळी त्याला तिच्याकडे बघवलं नाही. तिनं हातातलं रताळं अर्धंच ठेवलं.

संध्याकाळ लवकर झाली. दारं-खिडक्या लावून घेतल्या. चुलीपुढं बसून तव्यावरची भाकरी थेट ताटात, वर लसणाची चटणी, अंड्याचा रस्सा. बाहेर गारठा दाराला टेकून उभा, आणि आत तिघं गुडघ्याला गुडघा लावून. नागेंद्रला वाटलं, माणसाला याहून काय लागतं? आणि लगेच वाटलं, रुक्माआक्का आत्ता कुठं असेल? दिवस वाईट गेला असता तर बरं झालं असतं. निदान चुकवून काही मिळालं नाही असं तरी म्हणता आलं असतं. पण मिळालं होतं, पदर फाटेस्तोवर मिळालं होतं, आणि तेच त्याला खात होतं.

सातच्या सुमारास कडी वाजली. "दिपा, मी हाय गं."

नागेंद्र ताटावरून उठला तो थेट वाकळीत. दिपालीनं त्याचं ताट झाकलं आणि दार उघडलं. रुक्माबाई आत आली. डोक्याच्या पदराला भाताची काडं अडकलेली, हातांवर पातीचे ओरखडे, एका हातात डबा. ती वाकळीशेजारी टेकली, गुडघा धरून, सावकाश. तिचा खरखरीत पंजा नागेंद्रच्या कपाळावर आला. तासभर चुलीपुढं बसलेलं ते कपाळ चांगलंच तापलेलं होतं. रुक्माबाईनं मान वळवून, दाराआड उभ्या असलेल्या ओवीकडे बघितलं.

"व्हय बाई," ती म्हणाली, "ताप हाय."

मग डबा उघडला. कढत पेज होती, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. कनवटीला खोवलेलं गोळ्यांचं पाकीट तिनं काढलं. "डाक्टरनं दिलत्या मला, तुझ्या भाताच्या आदल्या दिशी. दोन उरल्यात. एक आता घे, एक सकाळी."

"माझ्या भाताच्या आदल्या दिशी?" नागेंद्र उठून बसला. "म्हंजी त्या दिशी तुला ताप हुता, आक्का?"

"हुता थोडा."

"आणि तू दिवसभर कापत हुतीस?"

"पैरा हुता न्हवं," ती म्हणाली. आज रविवार आहे असं कुणी सांगावं, तसं.

त्याला तो तपकिरी स्वेटर आठवला, आणि आपण केलेली थट्टा. त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण दाराआडून ओवी बघत होती, आणि उघडलेल्या तोंडात रुक्माबाईनं गोळी ठेवली. नसलेल्या तापाची गोळी त्यानं पेजेबरोबर गिळली. "आणि पैऱ्याचं मनात आणू नगोस," जाताना ती म्हणाली. "आजाऱ्याचा पैरा कोन मागत न्हाय. फिटला समज."

दार लागलं. दिपाली त्याच्याकडे न बघता भांडी गोळा करू लागली. झाकलेलं ताट तिनं उघडलंही नाही. ओवी मात्र धावत येऊन वाकळीत शिरली. "पप्पा, मला दिवसभर वाटत हुतं, मी आक्काला खोटंच सांगितलं. खरंच हाय की ताप." आणि पाचव्या मिनिटाला ती निर्धास्त झोपून गेली.

निर्धास्त झोप त्या घरात तिलाच लागली. फिटलेला पैरा नागेंद्रच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता. फेडायचा तर आधी खोटं कबूल करायला हवं, आणि कबूल केलं नाही तर तो जन्मभर फिटलेलाच राहणार.

सोमवारी त्याची पाळी दुपारची होती. उजाडताच तो उसाच्या बांधावरून रुक्माबाईच्या शेतात गेला. धुक्यात गंजी उभी होती, अर्धवट, एका अंगाला कललेली. रुक्माबाई एकटीच पेंढ्या जवळ आणत होती. त्याला बघून ती थांबली.

"तू कशाला आलास? तापातनं उठलेला मानूस. जा घरला. मी आजाऱ्याचा पैरा घेत न्हाय."

"ताप न्हवता, आक्का."

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली.

"कालबी न्हवता आणि आजबी न्हाय," तो म्हणाला. "थंडी पडलीया, सुट्टी हाय, घरी बसावं वाटलं. म्हणून खोटं सांगितलं. पोरीला सांगाय लावलं."

"चढ वर," रुक्माबाई म्हणाली.

तो चढला. कालचे वरचे थर उचकटून पेंढ्या नव्यानं लावू लागला. सूर्य वर आला, धुकं विरळ झालं, आणि एक पेंढी दाबून तो उभा राहिला तेव्हा त्याचे हात जागच्या जागी थांबले. गंजीवरून उसाच्या शेंड्यांपलीकडचं सगळं दिसत होतं. त्याचं परस, परसातली खाट, शेकोटीची काळी राख. ओवी दगडावर बसून दात घासत होती, आणि तिच्या वेणीची तांबडी रिबीनसुद्धा इथून ओळखू येत होती.

"आक्का," त्यानं खाली न बघता विचारलं, "काल गंजीवर कोन हुतं?"

"कोन असनार? मीच. दुपारधरनं."

"मग मी दिसलो असन."

"पोरीच्या वेण्या घालताना दिसलास. रताळी भाजताना बी दिसलास."

नागेंद्र गंजीच्या कडेशी वाकला. "मग पेज कशाला आणलीस?"

रुक्माबाईनं पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली. तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "तुझ्यासाठनं न्हाय आणली. सकाळी दारात पोरगी खाली मान घालून बोलत हुती. तिला ठावं हुतं, आपुन खोटं बोलतोय. एवढ्याशा पोरीच्या जिवाला त्यो घोर नगो, म्हणून आलते. धर पेंढी."

तेवढ्यात पलीकडे ओवीनं वर बघितलं. बाप गंजीवर उभा बघून ती दगडावर चढली आणि उसावरून तिची हाक आली, "पप्पा, ताप गेला?"

खरं सांगावं तर लेक खोटी पडत होती, आणि तिला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून एक बाई दिवसभराच्या दमलेल्या अंगानं पेज शिजवून घेऊन आली होती. हे ओझं आता नागेंद्रला लेकीपुढे कधीच उतरवता येणार नव्हतं. त्यानं असहायपणे खाली बघितलं.

रुक्माबाईनं तोंडाभोवती हात धरून मोठ्यानं सांगितलं, "गेला गं बाई, सकाळीच गेला." मग पेंढी पुन्हा वर केली. नागेंद्रनं ती घेतली, लोंब्या आत, बुडखे बाहेर, आणि खाली मान घालून रचत राहिला.