जहाँआराची गच्ची

वच्छलाबाईंच्या डोक्याला दोन दिवसांपासून एकच भुंगा लागला होता. ही कॉलनी फाटली कधी?

भांडण झालं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. इथे कुणी दगड मारला नाही, कुणी कुणाच्या दारात उभं राहून शिव्या दिल्या नाहीत. तरी आता अकोल्यात कुठेही ऑटोवाल्याला कॉलनीचं नाव सांगा, तो विचारणार, "इकडली का तिकडली?" मधला रस्ता जुनाच, पण त्याच्या एका अंगाला सगळे हिंदू, दुसऱ्या अंगाला सगळे मुसलमान. इकडे एकच मुसलमान घर उरलं होतं, वच्छलाबाईंच्या भिंतीला भिंत लावून असलेलं, कुर्बानभाई आणि जहाँआराचं. तेही उद्या तिकडे चाललं होतं. जहाँआराला कसंही करून थांबवायचं, हे वच्छलाबाईंनी पक्कं केलं होतं. पण ती चालली कशापायी हेच कळेना, तर थांबवायचं काय सांगून?

नवऱ्याला विचारलं. चंद्रभानजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हे सारं निवडणुकीचं लचांड हाय." मुलगा गोपाल म्हणाला, "आई, त्यायनंच सुरू केलं." काय सुरू केलं ते मात्र त्यालाही धड सांगता येईना. दोन घरं सोडून राहणाऱ्या गीतांजलीने तर कमालच केली. "काकू, तुमालेच मालूम असन ना," म्हणाली आणि आत निघून गेली.

आता घ्या! वच्छलाबाई पार चक्रावल्या आणि तडक जहाँआराकडे गेल्या. ती खाली बसून भांडी कागदात गुंडाळत होती.

"काहून चालली वं? आमी काही बोललो का तुले?"

"बोलल्या असत्या तं बरं झालं असतं," जहाँआरा म्हणाली. "तुमी गच्चीवर येनं बंद केलं, वच्छलाबाई."

एकेकाळी उन्हाळ्यात अख्ख्या कॉलनीच्या कुरडया जहाँआराच्या गच्चीवर वाळायच्या. कुर्बानभाईंनी जिना बाहेरून काढलेला, त्यामुळे दार वाजवायची भानगड नाही. भल्या पहाटे वच्छलाबाई वर जाऊन गव्हाचा चीक शिजवायला घ्यायच्या, मागोमाग बाकीच्या बायका सोऱ्या घेऊन यायच्या, आणि गरम चीक साखर घालून सगळ्यांत आधी जहाँआराच्या ठरलेल्या वाटीत पडायचा. या कामात वच्छलाबाई सेनापती. त्या जिथे पातेलं मांडतील तिथे कॉलनी.

"अवं, त्या साली तुही सून फलक बाळंतीण होती ना!" वच्छलाबाई म्हणाल्या. "आमी पहाटपासून वरतं धबधब केलं असतं, तं तिचं लेकरू झोपलं असतं का? म्हणून गेली मी गीतांजलीच्या गच्चीवर."

"मले नाही सांगितलं."

"त्यात काय सांगाचं?"

मग जहाँआरानेच उलगडून सांगितलं. त्याच आठवड्यात शहरात गडबड झाली होती, बाजार बंद होता. नेमक्या त्या दिवसांत वच्छलाबाईंनी मुसलमानाची गच्ची सोडली, हे साऱ्या कॉलनीने पाहिलं आणि ज्याने त्याने आपापला अर्थ काढला. वच्छलाबाईच जात नाहीत म्हटल्यावर बाकीच्याही गेल्या नाहीत. मग बोलणं कमी झालं, मग कुणी घर विकलं, कुणी बदलून घेतलं.

वच्छलाबाईंना हायसं वाटलं. एवढंच होतं तर! "पाय बरं, नुसता गैरसमज," त्या हसत म्हणाल्या. "सोड ते सामान."

जहाँआरा हसली नाही.

"त्या सालचं समजलं," ती हळू म्हणाली. "आन् दुसऱ्या साली? लेकरू तं चालाले लागलं होतं."

वच्छलाबाई आठवू लागल्या. दुसऱ्या साली सगळ्याजणी गीतांजलीकडेच निघाल्या होत्या, म्हणून त्याही निघाल्या. जहाँआराकडे जायचं सुचलंच नाही. की सुचलं होतं? त्या गडबडीनंतर, न गेलेलं बरं, असं त्यांनाही आतून वाटलं होतं का? त्यांनी मनाला खोदखोदून विचारलं आणि खरंच काही कळेना. लाज मात्र वाटली, फार वाटली.

"मी दर चैतात गच्ची धुऊन ठेवत होती," जहाँआरा म्हणाली. "यंदाही धुतली."

"थांब" म्हणायला आलेल्या वच्छलाबाईंच्या तोंडून तो शब्द निघालाच नाही. समोरच्या भांड्यांत ती चिकाची वाटी होती. त्यांनी एक कागद घेतला आणि वाटी गुंडाळायला बसल्या.