माझ्या चाकाला तेल घालू नका

मित्रांनो, जरा कान द्या. कुईऽऽ... कुईऽऽ... ऐकू आलं? तीच मी. या इस्पितळातली जुनी ढकलगाडी. दोन फळ्या, एक दांडा आणि चार चाकं, एवढाच माझा संसार. चारांतली तीन चाकं शहाण्यासारखी गप्प फिरतात. चौथं, म्हणजे पुढचं डावं, जन्माचं बडबडं आहे. त्याच्यापायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आणि त्याच्याच जोरावर आज मान ताठ करून फिरते.

लोखंडी सामानाच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला जोडणाऱ्या वेल्डरने चष्मा कपाळावर सारला, मला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि शेजारच्याला म्हणाला, "बघ, कशी ऐटीत उभी आहे!" खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. मग त्याने मला ढकलून पाहिलं आणि चौथं चाक कुरकुरलं. "चालेल तसं बसेल," तो म्हणाला. अजून बसायचंय!

माझी पहिली नोकरी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. दुपारी गरम जेवणाची ताटं घेऊन मी वॉर्डात शिरले की कण्हणारी माणसंसुद्धा उशा सरसावून बसायची. "आली, आली, जेवणाची गाडी आली!" असं म्हणायची. काय थाट होता माझा! पण पुढे झाकणाच्या, ताटं गरम ठेवणाऱ्या नव्या गाड्या आल्या. त्यांची चाकं इतकी गुळगुळीत की त्या कधी आल्या न् कधी गेल्या कळत नसे. मला तळघरात, जिन्याखाली ढकललं. तिथे एक पाय मोडलेल्या खुर्च्या होत्या, गळक्या बादल्या होत्या आणि माझ्या दांड्यावर लोक ओली फडकी वाळत घालायचे. मित्रांनो, मी रडले नाही. पण गंजले.

त्याच तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीच्या पलीकडे, इस्पितळाचं ग्रंथालय होतं. इस्पितळाला ग्रंथालय असतं हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं! औषधांवरची, आजारांवरची जाडजूड पुस्तकं, जगभरातून आलेले नवे लेख, सगळं कसं नीट लावलेलं होतं आणि वाचायला चिटपाखरू नाही. एक डॉक्टर मात्र नेमाने यायचे. खुर्चीत रेलायचे, पुस्तक तोंडावर उघडं ठेवायचे आणि घोरायचे.

मग नव्या ग्रंथपालबाई आल्या. ठेंगण्या, चुळबुळ्या, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि त्या घोरणाऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "लोक इथे येत नाहीत ना? ठीक आहे. आपण जाऊ त्यांच्याकडे." डॉक्टर झोपेतच "हं" म्हणाले. बाईंनी तेवढीच परवानगी पुरेशी मानली.

त्यांनी मला जिन्याखालून ओढून काढलं. स्वतः बाह्या सारून गंज घासला आणि पिवळाधमक रंग दिला. वरच्या फळीवर डॉक्टर-नर्सेससाठी पुस्तकं आणि लेख. खालच्या फळीवर सगळ्यांसाठी, सोप्या भाषेतल्या, मोठ्या अक्षरांतल्या पुस्तिका. आणि पुढे एक पाटी: "विचारा. शोधून देऊ."

पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला पाहून हात जोडले. "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही हो!"

"विकत नाही सर, फुकट आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं कुठे अडलंय तेवढं सांगा."

मोठे डॉक्टर खो-खो हसले आणि निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी कुईकुई ऐकून तेच दारात येऊन थांबले. त्यांचं खरंच एका पेशंटच्या बाबतीत अडलं होतं. तेव्हापासून आमची घोडदौड सुरू झाली. सकाळी वॉर्ड, दुपारी नर्सेसची खोली आणि आठवड्यातून एकदा थेट फाटकाबाहेर, बसथांब्यावर. तिथे येणारेजाणारे लोक विचारायचे. "साखर वाढलीय म्हणतात, म्हणजे काय?" "बाळाला ताप आला तर काय बघायचं?" बाई प्रत्येकाला बजावायच्या, "मी डॉक्टर नाही बरं का. मी शोधून देते. हे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बोला."

बाईंचं एक ठाम मत होतं. माणसाचा पहिला प्रश्न खरा नसतो. तो नुसती कडी वाजवून पाहतो. फाटकावरचा रक्षक रोज विचारायचा, "दातांचं काही आहे का?" बाईंनी गप्पा मारता मारता काढून घेतलं. दात त्याचे नव्हतेच. सासूबाईंनी नवी कवळी डब्यात घालून डबा कपाटात ठेवला होता आणि घरात सगळ्यांना मऊ भात खावा लागत होता!

मी मात्र माणसं ओळखते ती हातांवरून. माझा दांडा धरला की मला कळतं, कोण सहज आलंय आणि कोणाची पाचावर धारण बसलीय.

आता आमच्या मिस्त्रीकाकांबद्दल सांगते. पंखे, नळ, पलंग, सगळं दुरुस्त करणारा मोठा प्रेमळ माणूस, पण माझ्या चाकाचा हाडवैरी. दिसले की हातात तेलाची कुपी. "बाई, पाच मिनिटं द्या. कायमची गप्प करतो हिला."

"राहू द्या हो काका. ती माझी घंटा आहे."

पण एकदा मोठ्या सिस्टर कावल्या. पेशंटची झोपमोड होते म्हणाल्या आणि हुकूम सुटला. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी नवं चाक बसवायचं. बाईंचाही नाइलाज झाला. मुकी होऊन फिरायचं म्हणजे पुन्हा जिन्याखालीच गेल्यासारखं की!

त्याच दिवसांत वॉर्डात भाजीवाले काका आले. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उजवा हात, उजवा पाय दुबळा झाला आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं, पण तोंडातून फक्त "दे, दे, दे" एवढंच यायचं. पाय हळूहळू सुधारत होता. आधार दिला की ते चालायचे. वाचा मात्र हटून बसली होती.

त्यांच्या बायकोला, काकूंना, मी पहिल्या दिवशीच ओळखलं. त्यांनी माझा दांडा असा आवळला की माझा नवा रंग निघतो की काय असं वाटलं. "ताई, आहाराचं काही आहे?" बाईंनी पुस्तिका दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "मिठाचं काही आहे?" तीही दिली. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचार केला, काकांनाच काहीतरी द्यावं. सगळ्यात मोठ्या अक्षरांची पुस्तिका निवडून त्यांनी कौतुकाने काकांच्या हातात ठेवली. काकांनी ती उलटी धरली. मग सुलटी. मग बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अक्षरंसुद्धा गेलीत हो त्यांची," काकू म्हणाल्या. "तुमच्या कागदाचं ते काय करणार?"

बाईंचा चेहरा पडला. ज्याला त्याला कागद द्यायची सवय त्यांची! पण त्या तिथून हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "काकू, मीठ राहू द्या. तुम्हाला खरं काय विचारायचंय?"

काकूंनी माझा दांडा पुन्हा आवळला. "हसू नका हं ताई. लग्न झाल्यापासून यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं' म्हणतात. 'अगं, ऐकलंस का?' तेवढंच. तेव्हा मी वैतागायचे. आता घरात, दारात, कुठेही कान लागतो. ते 'अगं' परत येईल का हो?"

"मला माहीत नाही, काकू," बाई म्हणाल्या. "पण मी शोधते."

आम्ही तडक निघालो ते बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे. या मॅडम नव्या होत्या, पेशंट ढीगभर, डबा उभ्यानेच खायच्या. त्या म्हणाल्या, "वाचा गेलेल्या काही माणसांना गाता येतं, हे मी शिकलेय. पण त्यातून बोलण्याकडे कसं न्यायचं, हे वाचायला मला वेळ कुठे आहे?"

"तो वेळ माझा," बाई म्हणाल्या.

त्यांनी लेख शोधले. जे म्हणत होते याने फायदा होतो तेही आणले आणि जे म्हणत होते सगळ्यांनाच होत नाही, तेही आणले. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही वाचले आणि म्हणाले, "करून बघा. फक्त काकूंना फार आशा लावू नका."

मॅडमनी मन लावून सुरुवात केली. काकांचा डावा हात हातात घेऊन, त्यावर ताल देत त्या गायच्या. अंगाईगीत झालं, शाळेतली कविता झाली, वाढदिवसाचं गाणं झालं. काका त्यांच्याकडे टकामका बघायचे आणि म्हणायचे, "दे, दे, दे." असे कितीतरी दिवस गेले. मॅडमचा आवाज बसला, पण काकांचा काही उठेना.

मग तो सोमवार उजाडला. नवं चाक घेऊन मिस्त्रीकाका वॉर्डाच्या दारात हजर! मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेत होते. इकडे बाई काकूंना विचारत होत्या, "काकांचं आवडतं गाणं कुठलं?"

"गाणं? यांचं?" काकूंनी कपाळाला हात लावला. "जन्मात गाणं म्हटलं नाही. दिवसभर गल्लीत ओरडायचे तेवढं."

"काय ओरडायचे?"

"काय म्हणजे? ताजा टोमॅटो, कोवळी काकडी."

"असं नाही. ते म्हणायचे तसं म्हणा."

काकू लाजल्या. इकडेतिकडे बघितलं. मग एक हात कानाशी नेला आणि अशी काही खणखणीत आरोळी ठोकली, "ताऽऽजा टोमॅऽऽटो! कोऽऽवळी काकडीऽऽ!" की मोठ्या सिस्टरच्या हातातला ट्रे हिंदकळला. अख्खा वॉर्ड हसायला लागला. मॅडम मात्र ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"अहो, हे गाणंच आहे!"

"पण गाडी ढकलत असले तरच निघायचा हो आवाज," काकू म्हणाल्या. "आमची ती गाडी पण मेली अशीच. रात्रंदिवस कुईकुई, कुईकुई."

मित्रांनो, सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. पहिल्यांदाच कुणाच्या डोळ्यांत तेलाची कुपी नव्हती.

"मिस्त्रीकाका, चाक ठेवा खाली आणि हिला पुढून धरा!" बाईंनी पुस्तकं भराभर पलंगावर उतरवली. स्वयंपाकघरातून टोमॅटो-काकड्यांची पाटी आली, ती माझ्या वरच्या फळीवर बसली. काकांचे दोन्ही हात माझ्या दांड्यावर ठेवले. उजवा हात मॅडमनी वरून धरला. दुसऱ्या बाजूला आधाराला खुद्द मोठ्या सिस्टर! आणि आम्ही निघालो.

आयुष्यात मी इतकी जीव तोडून कधी कुरकुरले नव्हते. कुईऽऽ, कुईऽऽ. वॉर्डाचं एक टोक आलं, काही नाही. आम्ही वळलो. मॅडम तीच आरोळी हळू आवाजात म्हणत होत्या. काकांची पकड बदलली. ते मला सगळ्यात आधी कळलं, कारण मला हात कळतात. पेशंटचे हात गेले आणि भाजीवाल्याचे हात आले. हनुवटी वर झाली. छाती भरली.

"ताऽऽ..." आणि मग, "ताऽऽजा टोमॅऽऽटो!"

एका पलंगावरून लगेच आवाज आला, "अर्धा किलो द्या हो!" हशा पिकला. काका हसत होते, काकू रडत होत्या आणि मिस्त्रीकाकांनी तेलकट हाताने डोळे पुसल्यामुळे त्यांच्या तोंडावर हा काळा पट्टा! मोठ्या सिस्टर घसा खाकरून म्हणाल्या, "ते नवं चाक फरशी पुसायच्या बादलीला बसवा."

'अगं' मात्र त्या दिवशी आलं नाही. मॅडमनी घाई केली नाही. त्याच चालीवर त्या नवे शब्द बसवत गेल्या. "पाऽऽणी द्या." "बऽऽरं वाटतं." रोज आमची फेरी व्हायची. काही शब्द यायचे, काही अडायचे, काका चिडायचे, पुन्हा ढकलायचे.

एका सकाळी काकू माझ्याजवळ वाकून खालच्या फळीवरच्या पुस्तिका चाळत होत्या. या वेळी त्यांना खरोखरच मिठाचं विचारायचं होतं. एवढ्यात मागून, काकडीच्याच चालीवर, आवाज आला.

"अऽऽगं... ऐऽऽकलंस का?"

"आले हो!" काकू मागे न बघता, सवयीने म्हणाल्या. आणि मग त्यांच्या हातातली पुस्तिका गळून पडली.

आता काका घरी गेलेत. बोलताना अजून अडखळतात, आणि अडलं की चाल धरतात. आठवड्यातून एकदा मी फाटकाबाहेर उभी असते, तेव्हा शेजारी त्यांची गाडी असते. टोमॅटो झाला, काकडी झाली, की ते माझीही जाहिरात करतात. "विचाऽऽरा! शोधून देऽऽऊ!" मला पगार नाही, नाहीतर काकांना त्यातला वाटा दिला असता.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जिन्याखाली एखादी जुनी वस्तू दिसली तर तिच्यावर ओली फडकी टाकू नका, तिला एकदा ढकलून बघा. कुणी तुम्हाला मिठाचं विचारलं, तर मिठाचं सांगा, पण लगेच पाठ फिरवू नका. त्याच्या मनातलं 'अगं' बाहेर येईपर्यंत थोडं थांबा. आणि हो, माझ्या तीन चाकांना खुशाल तेल घाला. चौथ्याला मात्र हात लावायचा नाही!