डोह उपसताना

गौराबाईनं पुलासाठी किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. जुना पूल म्हणजे नुसती फरशी. ना कठडा, ना उंची. पाताळगंगेला पाणी चढलं की गुडूप. अशाच एका श्रावणात तिची भाविका बारावीच्या क्लासवरून येताना त्या फरशीवरून वाहून गेली. माणसं रसायनीच्या पुढं पार खाडीपर्यंत शोधून आली, हाती काही लागलं नाही. तेव्हापासून बाईनं डोळ्यांचं पाणी आवरलं आणि जिभेला धार लावली. साहेब बदलले, पुढारी बदलले, बाई हटली नाही. अखेर पूल मंजूर झाला. पण नशीब बघा, नव्या पुलाचा मधला खांब नेमका डोहात आला.

हा डोह फरशीच्या खालच्या अंगाला. भर वैशाखातही आटत नाही. गावातलं कोणी त्यात जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही, तिथल्या मासळीला बोटसुद्धा लावत नाही. नदीनं नेलेलं माणूस डोहातला मासा होतं, असं आज्या-पणज्या सांगत आल्या. घरी सुक्या बोंबलावर ताव मारणारी माणसं इथं हात जोडतात. कोणाला हसायचं तर हसो बापडं. गौराबाई दर सोमवारी मूठभर भात घेऊन डोहावर जायची. पाण्याशी बसून लेकीशी बोलायची. घरात काय शिजलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस व्याली, सगळं सांगायची.

पुलाच्या कामावरची इंजिनीयर प्रणिता भिसेगावची, सरळ मनाची पोरगी. कामाला हात घालण्याआधी तिनं गावाला देवळात बसवलं आणि नकाशा अंथरला. जुन्या पुलाचा राडारोडा नदीत पडू देणार नाही, सिमेंटचं पाणी वेगळ्या खड्ड्यात जिरवू, काठची करंजं तोडणार नाही, असं तिनं चारचौघांत कबूल केलं. गावानंही लक्ष ठेवायला आपली माणसं नेमली. मग बोलण्याची गाडी डोहावर आली. पाया खणायचा तर भोवती मातीचा बांध घालून डोह उपसायला हवा. त्याआधी मासळी जिवंत काढून वरच्या वळणावरच्या पाण्यात सोडू, पण त्याला गावाचे हात लागतील, असं ती म्हणाली.

गौराबाईचा धाकटा दीर नागू उठला. पूल पाहिजे, पण डोहाची मासळी आमच्या हातून हलायची नाही, म्हणाला. आणि मजुरांना तर अजिबात हात लावू देणार नाही. ते संध्याकाळी कालवणच करतील. त्यापेक्षा खांब सरकवा. प्रणितानं समजावलं, खांब सरकवायचा तर आराखडा पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक पावसाळा याच फरशीवरून. सगळ्यांच्या माना गौराबाईकडं वळल्या. पूल हिनं आणला, आता हिनंच काय ते बोलावं.

आणि भल्याभल्यांची बोलती बंद करणारी ही बाई नुसतं उद्या सांगते म्हणाली आणि उठून घरी गेली.

गावाला वाटलं, बाई माशांपायी अडली. माशांचं काय, ते वाचणारच होते. तिला धास्ती होती तळाची. डोहात पाणी होतं तोवर तिच्या लेखी लेक तिथं होती. पाणी उपसलं आणि खाली नुसता चिखल निघाला, तर सोमवारी जायचं कुठं? बोलायचं कोणाशी? आणि हे सांगणार तरी कोणाला! लोक भ्रमिष्ट म्हणाले असते. ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी ती ओट्यावर बसली होती. नागूची नात रुचिता कॉलेजला निघाली. "आजी, येते गं," म्हणत, कानात वायरी खुपसून पोरगी फरशीवर गेलीसुद्धा. गौराबाई तिच्या पाठमोऱ्या वेणीकडं बघत राहिली. गेलेल्या पोरीपायी आपण जितीला पाण्यावर उभी करतोय. तिला स्वतःची लाज वाटली, राग आला. तशीच उठली आणि नागूच्या दारात गेली.

"नागू, मासळीला पयला हात मी लावते. काय पाप लागायचं ते मला लागू दे."

ठरल्या दिवशी तिनं लुगड्याचा काष्टा मारला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली. काठावर सारा गाव जमला होता. तिनं स्वतः जाळं ओढलं, त्यातला एक शिंगाळा मासा दोन्ही हातांनी उचलला, टपात सोडला. मग दुसरा. नागू काठावर उभा राहून डोळे पुसत होता. थोड्या वेळानं त्यानं चपला काढल्या आणि तोही उतरला. मग कोणाला बोलवावं लागलं नाही. बायांनी टपांवर ओली गोणपाटं धरली, पोरांनी टेंपोतल्या पिंपांत पाणी भरलं, दुपारपर्यंत खेपा चालल्या. शेवटची खेप गेल्यावर प्रणितानं गौराबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली आणि पंप लागले.

ऊन कलताना तळ दिसला. चिखल, गोटे, विसर्जनाचे दोन पाट, सायकलचं गंजलेलं हँडल. नागू हळूच म्हणाला, वयनी, आता चला घरी. तिनं ऐकलं नाही. ती अनवाणी खाली उतरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिखल तुडवत गेली, मधेच वाकून हातानं चाचपून पाहिलं. मग जिथं खांब यायचा तिथं थांबली आणि पदरात तोंड घालून रडली. इतकी वर्षं राखून ठेवलेलं सगळं रडली. कोणी तिला थांबवलं नाही.

प्रणिता जवळ आली तेव्हा गौराबाईनं चिखलाच्या हातांनीच तिचं मनगट धरलं.

"पाया चांगला खोल घे गं पोरी. हितलं पाणी माणसाला ठेवत नाय."